कडेवरची जागा

मु. सावलटोला, पो. वडसा, जि. चांदा
ता. ९ जुलै १९५७

चि. सौ. प्रेमिलेस,

तुझ्या थोरल्या बहिणीचे अनेक आशीर्वाद. वि. वि. इकडे समदे खुशाल. तुमी दोघं नवरा-बायको नागपुरात खुशाल असान. माय तर असनच खुशाल, तुझ्या घरी आहे नं!

धानाचा रोवणा सुरू आहे. चिखलात उभं राहून पायाची बोटं पांढरी पडली, तरी लिहायले बसली, कारण तुझं कार्ड आलं अन् अंगाचा तिळपापड झाला. मायले तुझा नळ आवडला, बिजलीचा दिवा आवडला, जवाईबापूचा स्वभाव आवडला. आवडन नाई तर काय! इथी कुंतीच्या घरी काय आहे, विहीर अन् कंदील.

बाई माझे, एक गोष्ट विसरू नको. मार्कंड्याच्या जत्रेत माय नदीच्या पायरीवरून घसरली तवा तिले उचलणारी मी होती. तिचा मोडका पाय मांडीवर धरून, वैनगंगा उतरून, मूलच्या टेशनापर्यंत बैलगाडीत आणणारी मी. नागपूरच्या दवाखान्यात डॉक्टरनं खुब्याचा मोडका गोळा काढला, पोलादाचा गोळा बसवला, त्याचा दांडा मांडीच्या हाडात ठोकला. तोपर्यंत माय दोघींची होती. दवाखान्यातून निघाली अन् तुझी झाली.

लेकीच्या घरी मायनं पाणी पिऊ नाई अशी आपल्याकडची रीत. आपल्याले भाऊ नाई, तरी त्या रीतीच्या भेवानं मी तिले कधी दोन रातीच्या वर ठेवून घेतलं नाई. बेलघाट्याच्या तिच्या घरी जाऊन भेटून येत होती. अन् तू? उन्हाळा गेला, पाऊस आला, माय तुझ्याच पलंगावर. रीत का फक्त माझ्याचसाठी होती?

मायच सांगे, तू झाली तवा मी दोन वर्षाची होती. मले डाव्या कडेवरून उतरवलं अन् तुले बसवलं. मी पदर धरून दिवसभर रडे म्हणे. आता तीच डावी कड मोडली, तरी तिथी तूच बसून आहेस.

अन् हे काय नवीन? जवाईबापू मायच्या हाडाचं गणित करून राह्यले असं तू लिहलं. शाळेचे मास्तर मले इचारत होते. मी मनलं मले का मालूम! धानाचं गणित होते, हाडाचं कुठी होते?

दिवाळीले मायले इथी पाठव. नाई पाठवली तर मी येऊन घेऊन जाईन, मंग भांडण झालं तर माझ्यावर घालू नको. बाकी लोभाचं काय लिहू, मायनं तो समदा तुलेच दिला. त्यातला उरला असन तर थोडा मले पाठव.

तुझी,
कुंता

नागपूर
ता. २८ जुलै १९५७

ति. स. सौ. कुंताबाईच्या पायाशी,

धाकट्या प्रेमिलेचा शि. सा. न. वि. वि. तुझं पत्र पोस्टमनने हातात दिलं तेव्हा चटकाच बसला, इतकं ते तापलेलं होतं. पण तुझं अक्षर पाहून बरं वाटलं, हेही खरं.

आधी गणिताचं सांगते, म्हणजे मास्तरांना सांगता येईल. हे कॉलेजात आकडेमोड करतात हे तुला माहीत आहे. तिथले प्रोफेसर आणि आईचे डॉक्टर यांनी मिळून एक काम काढलंय. मोठ्या कागदावर मांडीचं हाड काढायचं, त्याच्या पोटात पोलादाचा दांडा. त्यावर बारीक बारीक चौकटी पाडायच्या. माणूस चालला की वरून भार येतो. त्यातला किती कोणत्या चौकटीवर पडतो, ते यांनी शोधायचं. आकडे लावून मूठ फिरवायचं एक यंत्र आहे, दिवसभर खर्रर्र चालतं. ज्या चौकटीवर भार जास्त, तिथलं हाड जरा जाड धरायचं. जिथे कमी, तिथलं जरा पातळ. मग त्या नव्या जाडीने सगळं गणित पहिल्यापासून. असं करत गेलं की हाड दोन वर्षांनी कसं होईल, पाच वर्षांनी कसं, ते कागदावर आधीच दिसतं म्हणे. पोलाद कडक, ते सगळा भार आपल्याच अंगावर घेतं, मग शेजारचं हाड रिकामं बसतं आणि झिजतं, असं हे सांगतात. कलकत्त्याला कपाटाएवढं विजेचं यंत्र आलंय, ते असली गणितं चुटकीसरशी करतं, हे ऐकल्यापासून यांचं तोंड उतरलंय. न पाहिलेल्या यंत्राचा हेवा करणारा नवरा मला मिळालाय, आता बोल.

आणि हेव्याचं म्हणशील तर तू एकटीच जळतेस असं समजू नकोस. शस्त्रक्रिया झाल्यावर आई शुद्धीवर येत होती. उशाशी मी. पळीने पाणी पाजत होते मी. आणि ती हाक मारत होती तुला. कुंते, कुंते, कुंते. परवा मुद्दाम झिंगे-वांग्याची भाजी केली. दोन घास खाल्ले आणि म्हणाली की कुंतीच्या हातची चव याले नाई. बाई, मी न्हाणीघरात जाऊन रडले. कडेवर मी बसले असेन, पण तोंडात नाव तुझंच आहे. तिची नथसुद्धा तुलाच गेली.

सेवेत मात्र मी कमी पडणार नाही. डॉक्टरांनी काठी देऊन रोज चालवायला सांगितलंय. पण लोखंड घातलेल्या पायावर माझ्या आईला मी उभी करू? शेजारणी म्हणतील, म्हातारी लेकीकडे आली तर हिने तिला राबायला लावलं. न्हाणीपुरतं सोडलं तर मी तिला पलंगाखाली पाय टेकू देत नाही. पाणी हातात, ताट हातात, वेणीसुद्धा मीच घालते. यांनी एकदा तिला काठी आणून दिली, तर मी ती काठी माळ्यावर टाकून दिली.

दिवाळीला पाठवीन. पण इतकं तुझ्याकडून होईल का, ते आधी कळव. भाऊजींना नमस्कार. धाकटीवर माया असू दे, नसली तरी पत्रात तसं लिहू नकोस.

तुझी,
प्रेमिला

सावलटोला
ता. ३ डिसेंबर १९५७

चि. सौ. प्रेमिलेस,

अनेक आशीर्वाद, वि. वि. दिवाळीले माय सुखरूप पोचली. इतकं माझ्याकडून होईल का असं तू इचारलं होतं. आता आइक मंग.

मायसाठी सागवानाची नवीन बाज केली, उंच, म्हणजे पाय जमिनीले लागाचा सवालच नाई. तू ताट हातात देत होतीस, मी घास तोंडात देते. तुझ्या घरी ती न्हाणीपर्यंत तरी तुझ्या खांद्यावर हात ठेवून जाये. इथी तेही नाई. धन्यानं बांबूची डोली केली, आमचे गडी कोलू अन् झिंगू तिले आंगणात नेते अन् आणते. तुझे भाऊजी गरीब माणूस, बायको मनन ते करते. तुले मिळाला गणितवाला, मले मिळाला डोलीवाला.

दिवाळीमांगं वडश्याले मंडईची जत्रा भरली, तिथी नाटक आलं होतं. मायले डोलीतून नेलं. सामोर बाज टाकली, चादर घातली, लोड लावला. तुले खोटं वाटन, पण लोक नाटक सोडून मायकडे पाहून राह्यले होते. आशाबाई पाटलीण मनली की लेक असावी तर अशी. नागपूरच्या लेकीचं नाव कोणी काढलं नाई. मी मुद्दामच लिहून राह्यली, वाईट वाटलं तर वाटू दे.

माय थोडी कुरकुर करते. बेलघाट्याले घरी नेऊन सोडा मनते, गावच्या सुकलूनं बटईनं, अर्ध्या वाट्यानं, केलेलं आपलं वावर पहाचं आहे मनते. त्या एकट्या घरात तिले कोण पाहीन? मी आइकत नाई. अलीकडे मांडीत कळ येते असंही मनते. मी मोहाचं तेल गरम करून चोळून राह्यली अन् उठणं-बसणं आणखीनच बंद केलं. तुझ्याकडून आली तवाच पाय बारीक झाला होता, हे मी गावात समद्यायले सांगितलं आहे.

जवाईबापूले आशीर्वाद. तुलेही आहेच. मोठ्या बहिणीनं द्याचा असते म्हणून देते.

तुझी,
कुंता

नागपूर
ता. १४ मार्च १९५८

ति. स. सौ. कुंताबाईस,

शि. सा. न. वि. वि. आज मस्करी करायची ताकद नाही. हे पत्र शांतपणे वाच.

मांडीत कळ येते हे तुझ्या पत्रात वाचून हे घाबरले. यांच्याच आग्रहावरून भाऊजींनी आईला चांद्याला नेऊन हाडाचा फोटो काढून घेतला आणि प्लेट इकडे पाठवली, ते तुला माहीत आहे. परवा प्रोफेसर आणि डॉक्टर ती प्लेट उजेडाला धरून बसले. शेजारी यांचा चौकटींचा कागद. कागदावर पहिल्या वर्षी हाड किंचित पातळ झालं होतं. प्लेटमध्ये ते जे दिसलं, ते कागदावर पाचव्या वर्षीसुद्धा नव्हतं. दांड्याच्या आतल्या बाजूचं वरचं हाड नुसतं पापुद्र्यासारखं उरलंय.

प्रोफेसर म्हणाले आकडा चुकला. यांनी सगळं गणित पुन्हा केलं. जेवणाकडे लक्ष नाही, माझ्याशी बोलणं नाही. आकडा कुठेच चुकला नव्हता. मग डॉक्टरांनी विचारलं की बाई दिवसभर करते काय? कारण सुरुवातीला प्रोफेसरांनी भाराचे आकडे दिले होते ते खेड्यातल्या बाईचे. वावरात जाणारी, पाणी भरणारी. ते कागदावर आले आणि यांनी मुकाट्याने फिरवले. घरात पलंगावर आई निजून आहे, आपण रोज डोळ्यांनी पाहतोय, ते यंत्रात घालायचं यांच्या डोक्यातच आलं नाही. कागदावरचं हाड वेगळं आणि घरातली सासू वेगळी! हे खाली मान घालून उभे राहिले. मग सांगितलं की त्या पाय टेकतच नाहीत, त्यांच्या लेकी टेकू देत नाहीत.

दुसऱ्या दिवशी यांनी चालण्याचा भार काढून टाकला आणि मूठ फिरवली. कागद आणि प्लेट जुळले. बाई, त्या कागदावर आईचं हाड नाही, आपण दोघी आहोत.

डॉक्टर म्हणतात, असंच चाललं तर दांडा हाडात हलायला लागेल. मग दुसरा गोळा बसवायलाही हाड धरणार नाही, आई उरलेलं आयुष्य अंथरुणात काढेल. अजून वेळ आहे. तिला चालवा, काठी घेऊन, रोज थोडं जास्त. भार आला तरच हाड परत धरेल.

पण एक सांगते, रागावू नकोस. माझ्याकडे ती निदान न्हाणीपर्यंत चालत होती. डोली तुझी. बाज तुझी. आशाबाई पाटलिणीची शाबासकी तुझी. मग हाडाचं काय झालं तेही थोडं तुझ्या नावावर घे.

तुझी,
प्रेमिला

सावलटोला
ता. २५ मार्च १९५८

प्रेमिलेस,

आशीर्वाद आज लिहत नाई, हात चालत नाई.

माझ्या नावावर घेऊ? काठी माळ्यावर कोणं टाकली? डॉक्टरनं कोणाले सांगितलं होतं चालवा म्हणून, मले का तुले? मले तर तू फक्त एवढंच इचारलं की इतकं करशील का. मी केलं. तुझ्यापेक्षा जास्त केलं. तू पलंग दिला नसता तर मी डोली केली नसती. घ्या, झालं!

तुझं पत्र मी मायपासून लपवलं होतं. पण धनी भोळा सांब, तिनं इचारलं अन् त्यानं अथपासून इतिपर्यंत वाचून दाखवलं.  सकाळी मायनं सुकलूले निरोप धाडला. तो बेलघाट्याहून गाडी घेऊन आला. मायनं बाजेवरून आपला आपण पाय खाली सोडला. मी धावली तर तिनं हातानंच थांब मनलं. कोलूनं डोली आणली, ती तिनं परत नेवाले लावली. सुकलूचा खांदा धरून गाडीत चढाले गेली, दोनदा खाली बसली, तिसऱ्यांदा चढली. मी ओसरीवर उभी. मले शिदोरीही बांधू देल्ली नाई.

आता तुझ्याही घरी नाई अन् माझ्याही घरी नाई. तुझ्या जिवाले थंडक पडली असन. मले तर एवढाच आनंद आहे की तुझ्याकडे नाई गेली. हे लिहाची लाज वाटते, पण खरं तेच लिहते.

कुंता

बेलघाटा
ता. २० एप्रिल १९५८

चि. सौ. कुंता अन् चि. सौ. प्रेमिला,

मायचा दोघीले सारखाच आशीर्वाद. इथल्या शाळेचे मास्तर लिहून राह्यले, मी सांगून राह्यली. माझं बोलणं सुधारू नोका असं त्यायले आधीच सांगितलं आहे. दोघीले एकच पत्र. दोन लिहले असते तर कोणाचं लांब अन् कोणाचं आखूड, तेच मोजत बसल्या असत्या. मास्तर नक्कल करून दोन्ही गावाले टाकतीन.

मी चांगली आहे. पाय ठणकते. दाराच्या चौकटीपर्यंत जाते अन् येते. एकदा पडली, शेजारच्या वच्छलेनं उठवलं. हे तुमाले सांगू नाई असं मनात होतं, पण मंग तुमी दुसऱ्याच्या तोंडून आइकलं असतं अन् गाड्या जुंपल्या असत्या. येऊ नोका.

जवाईबापूनं मले नागपुरात त्या चौकटी दाखवल्या होत्या. आकडे मले नाई समजले. पण ज्या चौकटीले काम नाई ती झिजते, एवढं समजलं. मी तवाच इचारलं होतं की मंग मले काऊन झोपवून ठेवलं. जवाईबापूनं सैपाकघराकडे पाह्यलं अन् कागद गुंडाळून ठेवला. भला माणूस आहे, पण प्रेमीले भेते. मीही भेली. लेकीच्या घरी राह्याचं म्हणजे लेकीचं आइकाचं. अन् खोटं काऊन बोलू, दोघी माझ्यासाठी भांडत होत्या ते मले गोडही वाटलं.

कुंते, मी तुले कडेवरून उतरवलं, हे तू जलमभर बोलून दाखवलं. हो, उतरवलं. दोन वर्षाची घोडी झाली होती अन् पाय टाकाले तयार नव्हती. प्रेमी झाली म्हणून उतरवलं, तू पदर ओढून बोंबलली, आपटली, अन् मंग आंगणभर धावाले लागली. प्रेमी, तू शेंडेफळ म्हणून तुले उतरवलंच नाई. तुझे पाय काडीवानी राह्यले. मंग एका रोवण्यात तुले बांधावर ठेवलं अन् मी चिखलात उतरली. तू अशी रडली की बाया मले नावं ठेवाले लागल्या. माझा कलेजा फाटून राह्यला होता, पण मी मांगं पाह्यलं नाई. तू चालत आली.

आता तुमची पाळी आहे. मले कडेवरून उतरवा. मी रडन, पडन, तुमाले शिव्या देईन. पण मांगं पाहू नोका.

लोभ तुमचा लय झाला. आता थोडा कमी करा, म्हणजे मी उभी राहीन.

तुमची माय,
शकुबाई
(निशाणी अंगठा)

सावलटोला
ता. ७ डिसेंबर १९५८

चि. सौ. प्रेमिलेस,

अनेक आशीर्वाद, आज मनापासून. वि. वि. तुझं पत्र पोचलं. चांद्याची दुसरी प्लेट पाहून डॉक्टर खुश झाले, दांडा हलत नाई, हाडानं त्याले धरलं, हे मी दोनदा वाचलं अन् मंग धन्याकडूनही मोठ्यानं वाचवून घेतलं. जवाईबापूले आता नवे आकडे घालून पुन्हा मूठ फिरवा लागते असं तू लिहलं. त्यायले सांग, कलकत्त्याच्या यंत्राले काही भिऊ नोका. बेलघाट्याची म्हातारी दिवसभर काय करते हे त्याले कुठी मालूम?

मायनं येऊ नको मनलं होतं. मी पोळ्यापर्यंत दम धरला, मंग दिवाळीपर्यंत. परवा नाईच राहवलं. तुले सांगून टाकते, नाई तर मनशील की चोरून गेली. चोरूनच गेली. गाडी गावाबाहेर सोडली अन् आपल्या घराच्या कुडामांगं जाऊन उभी राह्यली.

माय विहिरीवरून येत होती. उजव्या हातात काठी. एक पाऊल टाके, थांबे, दुसरं टाके. आंगणाच्या तोंडाशी शेणाचा सडा होता, तिथी तिचा पाय सरकला. माझ्या तोंडून आवाज निघाला असता, मी पदर दातात धरला. माझे हात असे शिवशिवले, प्रेमी, काय सांगू! एका धावेत तिले उचलून बाजेवर ठेवली असती. पण तिनं काठी रोवली, दोन शिव्या हासडल्या, सावरली अन् घरात गेली. मी तशीच परत आली. भेटलीही नाई. तुझे भाऊजी मले येडी मनते.

तुले आता हेवा वाटन की मी तिले पाह्यलं अन् तू नाई. वाटू दे. मलेही वाटलाच, पण तुझा नाई.

मायच्या डाव्या कडेवर, त्याच पोलादाच्या कडेवर, पितळेची गुंडी होती, लहान घागरच, पाण्यानं भरलेली. मायनं तिच्या गळ्यात हात घातला होता अन् तिले अशी सांभाळून नेत होती, जसं लेकरू नेते. मी चाळिशीले आली, मले नातू होतीन आता. तरी खरं सांगते, कुडामांगं उभी राहून मी त्या गुंडीवर जळली.

माया असू दे, अर्धी अर्धी.

तुझी,
कुंता